मदत हवी आहे: लॅपटॉपवरचा सिंथ ऐन स्टेजवर रडवतोय, परत कीबोर्डच घेऊ का?

मंडळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. ऑर्केस्ट्रा नि भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो. कॉम्प्युटरमधलं बेताचंच कळतं, सांभाळून घ्या.

जुन्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डच्या चार पट्ट्या बसल्या. पोरांचं ऐकून लॅपटॉप, सॉफ्टवेअर सिंथ (आवाज काढणारा प्रोग्रॅम) आणि साधा मिडी कंट्रोलर (नुसत्या पट्ट्या, स्वतःचा आवाज नाही) घेतला. आवाजाला नाव ठेवायला जागा नाही. व्हायोलिनचा असला ताफा जुन्याला सात जन्मांत जमला नसता. पण वाजवायला बसलं की जीव मेटाकुटीला येतो.

पट्टी दाबली की आवाज मागनं येतो. अभंगात खपतं, लावणीला ढोलकीवाला डोळे वटारतो. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे तुकडे (सॅम्पल) एका दमात किती तयार करतो ते, ५१२ वर आहे. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेटला त्याचे ११.६ मिलिसेकंद होतात, म्हणजे स्पीकर चार मीटर लांब ठेवल्यासारखं, असं एकानं गणित मांडून दिलं. पण स्टेजवर तेवढ्या अंतरावरनं आम्ही कायमच ऐकतो की! मग बोटं का अडखळतात? बफर १२८ वर आणला की हात चालतो, पण पेडल दाबून दोन्ही हातांनी सूर धरले की फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड.

त्याहून वाईट म्हणजे चार्जर. लावला की मिक्सरमध्ये घुंईं. काढला की घुंईं बंद, पण लॅपटॉप मंदावतो नि तडतड सुरू. परवा पन्हाळ्याच्या बाजूला एका जत्रेत जनरेटरवर कार्यक्रम होता, तिथं अख्खी गौळण या घुंईंवरच झाली. (तानपुरा समजून घ्या म्हटलं, कोण हसलं नाही.) कीबोर्डचं बरं होतं. बटण दाबलं की कामाला लागायचा. आत प्रोसेसर त्यातही असतोच, पण त्याला दुसरा उद्योग नसतो.

ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साऊंड कार्ड) नाही, हेडफोनच्या भोकातनं वायर सरळ मिक्सरला. गणपतीच्या आत काय करू?

प्रतिसाद:
दादा, ११.६ हे नुसत्या बफरचे झाले. एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजचा फेरा टाळून आवाज थेट नेणारा) नसेल तर विंडोज वाटेत आणखी उशीर घालतं, तो त्या गणितात धरलेलाच नाही. बोटं खरं बोलतायत. आधी फुकटातला एएसआयओ फोर ऑल टाकून बघा, बफर २५६ ठेवा. वायफाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. पेडल दाबला की जुने सूर सुटत नाहीत, प्रोसेसरवर ओझं साठत जातं. सिंथमध्ये पॉलिफोनी (एका वेळी किती सूर वाजू द्यायचे ती मर्यादा) कमी करा. घुंईंला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप नि मिक्सरच्या मधे लावायचा डबा) लागेल, ग्राउंड लिफ्टचं (ऑडिओ वायरमधली ग्राउंडची जोड तोडणारं) बटण असलेला. चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितलं तरी मोडू नका. शॉकचा खेळ आहे तो.

धागाकर्ता:
पिन मोडायचा सल्ला साऊंडवाल्यानं दिलाच होता, बरं झालं विचारलं. ड्रायव्हर टाकला. २५६ वर लावणी निघाली, तडतड पेडल जास्त वेळ दाबला तरच. डीआय बॉक्स मित्राकडनं आणून बघतो. पण एक सांगा, स्टिरिओला दोन लागतील की मोनोवर भागेल? आमच्या मांडवात दोन्ही बाजूंचे स्पीकर तसेही एकच गातात.