मदत हवी आहे : मावशीने केमो सोडून करंटचं मशीन धरलंय

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. सहापैकी तीन केमो झाल्या, केस गेले, तोंड आलं, आणि आता चौथीला बेळगावला यायला ती तयार नाही. कारण पाहुण्यांपैकी एकाने आणून दिलेलं मशीन. ९ व्होल्टची बॅटरी, दोन तांब्याच्या नळ्या, त्या हातात धरून बसायचं. "करंटने जंतू मरतात, गाठ विरघळते" म्हणे.

मी थोडं वाचलं. हे 'झॅपर' हल्डा क्लार्क या बाईंनी गाजवलं. सगळे कॅन्सर परजीवींमुळे होतात, असा त्यांचा दावा. त्या स्वतः २००९ मध्ये कॅन्सरनेच गेल्या. विजेचा खरा उपचारही आहे, पण तो वेगळा: मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा गाठीसाठी डोक्याला पट्ट्या लावून २०० किलोहर्ट्झचं विद्युत क्षेत्र देतात. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा या नळ्यांशी काही संबंध नाही.

हे मावशीला सांगितलं तर म्हणाली, "तू लई शिकलास बाबा." विषय संपला.

तर विचारायचं होतं, तुमच्या घरात असं कुणी अडून बसलं होतं का? कसं वळवलंत? आणि बेळगाव, निपाणीकडे केमो पूर्ण केलेली एखादी बाई मावशीशी मराठीत दोन शब्द बोलेल का? डॉक्टरांचं कानडी तिला अर्धंच कळतं, आणि माझं तर ती ऐकतच नाही. पुढची तारीख सोमवारची आहे.