बोक चॉय, कांगकाँग आणि आपली गॅलरी: अनुभव लिहा

दादर
एप्रिलमध्ये हौसेने बोक चॉयचं बी पेरलं. चार दिवसांत उगवलं, महिन्याभरात वीतभर झालं आणि गड्डा भरायच्या आधीच मधून दांडा निघून पिवळी फुलं! मोहरीच्या कुळातली थंडीची भाजी ती, एप्रिलच्या मुंबईत दुसरं काय करणार? उरलेलं बी नोव्हेंबरच्या मध्यात पेरलं आणि दीड महिन्यात सहा गड्डे काढले. मावा पडला होता, पण कडुनिंबाच्या तेलाच्या दोन फवारण्यांत आटोक्यात आला.

दोन गड्डे सासूबाईंनी ताब्यात घेऊन पीठ पेरून भाजी केली. देठांना इतकं पाणी सुटलं की पिठलंच झालं. (चव वाईट नव्हती, पण हे त्यांना सांगून पुढची सोय करून ठेवली नाही.) उरलेले मी मोठ्या आचेवर परतले: तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, आधी देठ, मिनिटाभराने पानं, शेवटी सोया सॉस. मीठ घालू नका, सॉसमध्ये भरपूर असतं.

ग्रिलमध्ये, गच्चीत कोणी अशा चिनी, थाई भाज्या लावता का? काय जगलं, काय मेलं, कसं शिजवलं? फसलेलं आधी लिहा.

भांडुप
कांगकाँगचं बी ऑनलाइन मागवणार होते, किंमत बघून थबकले. बाजारात भाजीवाल्या मावशींना मोबाइलवर फोटो दाखवला तर त्या हसायलाच लागल्या. "अगो बाय, ही तर नाळीची भाजी!" जुडी घरी आणली. वरची पानं फोडणीला टाकली आणि खालचे पोकळ देठ पाण्याच्या ग्लासात उभे केले. आठवड्याच्या आत पेरापेराला पांढरी मुळं. आता लेकाच्या जुन्या आंघोळीच्या टबात माती घालून लावलीय. माती कायम चिखलासारखी ठेवते, पण वर पाणी साचू देत नाही, डास होतात. कापावी तितकी फुटते. रुळांकडेच्या भाजीला कुठलं पाणी जातं ते लोकलच्या खिडकीतून रोज दिसतं, त्यामुळे टबातली जास्तच गोड लागते.

प्रभादेवी, पंधरावा मजला
कबुतरं. बाकी अनुभव नाही.

गोरेगाव
थाई करीसाठी बेझिल लावलं. पहिल्यांदा कात्री घेऊन गेलो तर आईने हात धरला, "दिवेलागणीला तुळस तोडतात का रे?" तिला समजावलं की ही तुळस नव्हे, फालुद्यातल्या सब्ज्याची बहीण. खरंच आहे ते, दोघी एकाच जातीच्या. वाण्याकडचा सब्जा पेरून बघा, थाईचा बडीशेपेसारखा वास नाही येणार, पण काम भागतं. थायलंडात चक्क तुळशीची पानं घालून कोंबडी परततात, हे मात्र आईला अजून सांगितलेलं नाही.

करीत गवती चहाही लागतो. तो आमच्याकडे बादलीत दहा वर्षं आहे. चहाला पाती घेतो, करीला बुडखा. बुडख्याचा पांढरा भाग बत्त्याने ठेचून घ्यायचा, नाहीतर नुसतं गवत चघळल्यासारखं लागतं.

मुलुंड
माझी भाजी घरचीच, दोडका. पण न्यू जर्सीतली बहीण तोच 'चायनीज ओक्रा' म्हणून विकत घेते, म्हणून इथे लिहितोय.

गच्चीत वेल मांडवभर पसरला. मादी फुलं यायची, मागे करंगळीएवढा दोडका दिसायचा, आणि तीन दिवसांत पिवळा पडून गळायचा. खत झालं, ताक शिंपडून झालं. मग कळलं, परागीकरणच होत नव्हतं. रोज सकाळी सहाला ब्रश घेऊन जायचो तर फुलं मलूल. बायको म्हणायची, तुम्ही उशिरा उठता. एकदा वाळत घातलेले कपडे काढायला संध्याकाळी वर गेलो तर सगळा मांडव पिवळाधमक! दोडका संध्याकाळी फुलतो. घोसाळं सकाळी. एवढं साधं कुणी सांगितलं नव्हतं. नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. ब्रशसुद्धा लागत नाही. त्या पावसाळ्यात अकरा दोडके खाल्ले. शिरांची तीळ घालून चटणी, ती तर हवीच.

बोरिवली
चौधारी घेवडा लावणाऱ्यांनी वेल उपटू नका! माझा जून ते सप्टेंबर नुसता पानांनी माजला होता. दिवस लहान व्हायला लागल्यावरच त्याला फुलं येतात. ऑक्टोबरअखेर निळी फुलं आली, मग शेंगा. कोवळ्या असताना तिरक्या चिरून खोबरं घालून परता. जून झाल्या की दोरखंड.

दादर
मुलुंडकर, माझ्या ग्रिलवरही दोडका आहे. काल साडेसहाला जाऊन पाहिलं. पाच फुलं उमललेली, पाचही नर.