पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबतो: एसएमपीएस गेला की मदरबोर्ड?

प्रश्न
कॉम्प्युटरचं बटण दाबलं की प्रोसेसरचा पंखा अर्धी गिरकी घेतो आणि सगळं बंद. परत दाबलं तर काहीच नाही. मेन स्विच बंद करून मिनिटभर थांबलं की पुन्हा तेच. २४ पिनच्या कनेक्टरची हिरवी आणि काळी वायर जोडली तर एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा व्यवस्थित फिरतो. म्हणजे बोर्डच गेला ना?

उत्तर १
घाई नको. हिरवी-काळी जोडून एवढंच कळतं की एसएमपीएस सुरू होतो. लोड झेपतो का ते नाही. पण मेन बंद केल्याशिवाय तो परत उठत नाही, म्हणजे त्याची संरक्षण-यंत्रणा त्याला बंद करतेय, बहुधा शॉर्टमुळे. ग्राफिक कार्ड, डिस्क, पुढच्या यूएसबीच्या वायरी काढा. बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवा, खाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा खिळा) राहिला असला तरी हेच होतं. मग प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर काढून बटण दाबा. पंखे फिरत राहिले तर शॉर्ट त्या १२ व्होल्टच्या वाटेवर, बहुतेकदा व्हीआरएमच्या (१२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागाच्या) मॉसफेटमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या चिपमध्ये.

उत्तर २
बहुतेकदा, पण नेहमी नाही. ८ पिन काढली की लोडही जातो, त्यामुळे थकलेला एसएमपीएससुद्धा चालू राहील. म्हणून मोजा. मेनची वायर आणि प्रोसेसर दोन्ही काढा, मल्टीमीटर ओहमवर. बोर्डावरच्या ८ पिनच्या सॉकेटमध्ये लॉकच्या बाजूच्या चार पिन १२ व्होल्टच्या, समोरच्या ग्राउंड. आकडा चढत शेकडो ओहमच्या पुढे गेला तर ठीक. एक-दोन ओहमवरच अडकला तर शॉर्ट. मग १२ व्होल्टची पिन ते व्हीआरएमची प्रत्येक कॉइल असंही बघा. तिथे शून्याजवळ आलं तर वरचा (१२ व्होल्टच्या बाजूचा) मॉसफेट फुटलाय, आणि अशा बोर्डात चांगला प्रोसेसर लावू नका, थेट १२ व्होल्ट बसतील. कॉइल ते ग्राउंड मात्र प्रोसेसर लावून मोजू नका. तेव्हा आकडा कमीच येतो आणि लोक चांगला बोर्ड फेकतात.

उत्तर ३
शॉर्ट नसेल तर एसएमपीएस तपासा, मीटर डीसी २० वर. जांभळी वायर बंद असतानाही ५ व्होल्ट. चालू केल्यावर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. राखाडीवर ('वीज ठीक आहे' हा बोर्डाला इशारा) अर्ध्या सेकंदात ५ व्होल्ट यायलाच हवेत, नाहीतर बोर्ड रीसेटमध्येच अडकतो. एसएमपीएसचा डबा उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात.

प्रश्नकर्ता
८ पिनच्या सॉकेटवर ०.४ ओहम येतंय.

उत्तर २
मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून बघा. तेवढंच आलं तर पूर्ण शॉर्ट, बोर्डच.