‘सर्व्हर पुन्हा सुरू करा’ एवढेच उत्तर असते तर

सर्व्हरखोली (धागालेखक)

‘खडूफळा’ यांनी काल मांडलेले मत मी तीनदा वाचले आणि उत्तर दिल्याशिवाय मला राहवले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी मूडल (कोर्स, असाइनमेंट आणि परीक्षा ऑनलाइन चालवणारी प्रणाली) कोलमडते ते अ‍ॅडमिनच्या हलगर्जीपणामुळे, सर्व्हर पुन्हा सुरू करायला पाच मिनिटे लागतात, पण तेवढेही हे लोक करत नाहीत, आणि प्राध्यापकांना व्यवस्थापकाचे पूर्ण अधिकार दिले तर निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. गेली अकरा वर्षे मी एका विद्यापीठाचे एलएमएस, म्हणजे मूडलसारखी शिक्षण-व्यवस्थापन प्रणाली, सांभाळतो आहे, आणि या तिन्ही विधानांनी मला सारखाच मनस्ताप झाला.

परीक्षा चालू असताना सर्व्हर पुन्हा सुरू केला तर काय होते ते आधी पाहा. क्विझमधील उत्तरे मूळ मांडणीत साधारण दर ६० सेकंदांनी आपोआप जतन होतात. त्यामुळे शेवटच्या जतनानंतर लिहिलेले उत्तर सर्व्हरपर्यंत पोचलेलेच नसते. लॉगिनची सत्रे मेमरीतील कॅशमध्ये ठेवलेली असतील आणि तीही पुसली गेली, तर सगळ्यांना नव्याने लॉगिन करावे लागते. पासवर्ड तपासणे हे सुरक्षिततेसाठी मुद्दाम जड ठेवलेले काम आहे. ते नऊशे जणांसाठी एकाच मिनिटात करावे लागले की आधीच दमलेला सर्व्हर पुन्हा उभाच राहत नाही. या सगळ्या काळात क्विझचे घड्याळ मात्र चालूच असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. सकाळी १० वाजता परीक्षा सुरू झाली आणि तीन मिनिटांत पडद्यांवर ५०४ (सर्व्हरकडून वेळेत उत्तर न आल्याची त्रुटी) दिसू लागले. प्रोसेसरवर भार नव्हता, डेटाबेस स्वस्थ होता, पण पीएचपीच्या (मूडल ज्या भाषेत लिहिले आहे तिच्या) सगळ्या प्रक्रिया गुंतलेल्या होत्या. पंचवीस मिनिटे लॉग चाळल्यावर कारण सापडले. प्रश्नांतील आकृत्या ही मोबाइलने काढलेली छायाचित्रे होती, एकेक पाच-सहा एमबीचे, आणि वीसही प्रश्न एकाच पानावर ठेवलेले होते. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला शंभर एमबीहून अधिक उतरवून घ्यावे लागत होते. पाहणाऱ्याला ती फाइल पाहण्याचा अधिकार आहे की नाही हे तपासायचे असल्यामुळे मूडल अशी चित्रे पीएचपीमार्फत देते, आणि आमच्या तेव्हाच्या मांडणीत मंद जोडणीवरच्या विद्यार्थ्याकडे चित्र पूर्ण पोचेपर्यंत ती प्रक्रिया मोकळी होत नसे. पान उघडत नाही म्हणून मुले रिफ्रेश करत होती, आणि प्रत्येक रिफ्रेशने रांगेत आणखी एक विनंती वाढत होती. हीच चित्रे आकार कमी करून दीडशे केबीत सहज मावली असती. यात मूडलचा दोष नव्हता. प्रश्नपत्रिका कशी चढवली आहे हे परीक्षेपूर्वी कोणी पाहिले नव्हते, हा दोष होता.

आता अधिकारांविषयी. एका विभागप्रमुखांना आग्रहास्तव व्यवस्थापकाची भूमिका दिली होती. नव्या सत्राची तयारी म्हणून त्यांनी जुना कोर्स रिसेट करायला घेतला, परंतु दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेला, एका सहकाऱ्याचा चालू सत्राचा कोर्स रिसेट झाला. क्विझचे प्रयत्न, असाइनमेंट, गुण, सगळे गेले. साध्या शिक्षकाच्या भूमिकेत त्या असत्या तर चूक स्वतःच्या कोर्सपुरती राहिली असती. २०१६ मध्ये मूडल ३.१ बरोबर आलेली रिसायकल बिन हटवलेला घटक किंवा कोर्स काही दिवस राखून ठेवते, पण रिसेटने पुसलेले काम तिथे सापडत नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उभा करून गुण परत आणण्यात दोन दिवस आणि एक रात्र गेली.

माझी मागणी एवढीच आहे की मोठ्या परीक्षेची क्विझ आम्हाला दोन आठवडे आधी दाखवावी.

खडूफळा

आपले लेखन सविस्तर आहे, परंतु त्यातील प्रत्येक प्रसंगात चूक कोणा प्राध्यापकाचीच निघते, ही गोष्ट आपल्या लक्षात आली नसावी असे वाटते. पाच एमबीचे चित्र चढवू नये, हे त्या प्राध्यापकांना कोणी सांगितले होते? फाइल किती मोठी असावी याची मर्यादा साइटवर आणि कोर्सवर आपणच घालता. ती सैल ठेवायची आणि नंतर चढवणाऱ्याला बोल लावायचा, हे मला मान्य नाही.

मी ज्या परीक्षेविषयी लिहिले तिच्यात चाळीस मिनिटे प्रणाली बंद होती, आणि त्या चाळीस मिनिटांत आमच्या अ‍ॅडमिनकडून एका ओळीचाही निरोप आला नाही. दोनशे दहा विद्यार्थी मला विचारत होते की वेळ वाढवून मिळणार का, परीक्षा रद्द होणार का, आणि मला कशाचेच उत्तर देता येत नव्हते. मी तिकीट, म्हणजे मदत कक्षाकडे तक्रार, नोंदवले. दोन दिवसांनी त्यावर उत्तर आले: ‘ब्राउझरची कॅश साफ करून पाहावे.’ सर्व्हर पुन्हा सुरू करावा असे मी लिहिले ते तंत्रज्ञान कळते म्हणून नव्हे, कोणीतरी काहीतरी करत आहे एवढे तरी दिसावे म्हणून.

अधिकारांचेही तेच. माझ्या संशोधन सहायिकेला कोर्समध्ये जोडण्यासाठी मला अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत सत्राचे तीन आठवडे उलटतात. एका विभागप्रमुखांच्या चुकीची शिक्षा सर्वांना का?

रात्रपाळी

मीही अ‍ॅडमिनच आहे, आणि तरीही चित्रांच्या प्रसंगात मी खडूफळा यांच्या बाजूने आहे. फाइल देण्याचे काम पीएचपीकडून काढून वेब सर्व्हरकडे सोपवण्याची सोय मूडलमध्ये फार पूर्वीपासून आहे. तिला एक्स-सेंडफाइल म्हणतात, आणि नमुना कॉन्फिग फायलीत तिच्या ओळी टिप्पणीच्या रूपात, म्हणजे बंद अवस्थेत, आयत्या लिहिलेल्या असतात. ती ओळ उघडून वेब सर्व्हरला moodledata फोल्डरची (चढवलेल्या फायली जिथे साठतात त्याची) वाट दाखवली, की अधिकार तपासून पीएचपीची प्रक्रिया मोकळी होते आणि चित्र कितीही सावकाश उतरले तरी तिला अडकून पडावे लागत नाही. हे काम प्राध्यापकांचे नव्हते, ते आपले होते.

तरीही खडूफळा यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. नऊशे जणांना ठीक १० वाजता आत सोडणे आणि ठीक ११ वाजता सर्वांचे घड्याळ शून्यावर आणणे, हे दोन्ही क्षण कोणत्याही सर्व्हरला जड जातात. गट पाडून प्रत्येक गटाला दहा मिनिटांच्या अंतराने सुरुवात देता येते. ती सोय क्विझमध्येच आहे आणि कोर्सच्या शिक्षकाला ती स्वतः वापरता येते. आजवर एकाही विभागाने ती वापरलेली मी पाहिली नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे असाइनमेंटची रात्री १२ ची मुदत. आमच्याकडे कोर्सचे स्वयंचलित बॅकअप रात्री १२ ला सुरू होतात, कारण तेव्हा प्रणाली रिकामी असावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच घटकेला चार विभागांची मुले पीडीएफ चढवत असतात. मदतीला कोणी जागे नसते. सकाळी सहा वाजता मी लॉग उघडतो तेव्हा मुदत चुकलेल्यांची रांग लागलेली असते. ही वेळ कोणी ठरवली आणि का?

शेवटचा_बाक

रात्री १२ चा विषय निघालाच आहे म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. मागच्या सत्रात आमच्या एका विषयाची मुदत ‘१४ तारीख, रात्री १२’ अशी वर्गात सांगितली होती. एलएमएसवर १४ तारीख, ००:०० अशी नोंद होती. ००:०० म्हणजे १४ तारीख सुरू होण्याचा क्षण, हे वर्गातील निम्म्याहून अधिक जणांना १४ च्या सकाळी कळले, तेव्हा चढवण्याचे बटणच नाहीसे झाले होते. सरांनी ‘नियम तो नियम’ असे उत्तर दिले.

दुसऱ्या वेळी मी सायंकाळीच फाइल चढवली. पडद्यावर फाइल दिसत होती, म्हणून मी निश्चिंत झालो. निकालात शून्य आले. चौकशी केली तेव्हा कळले की माझे काम ‘मसुदा’ म्हणून राहिले होते, कारण त्या असाइनमेंटमध्ये फाइल चढवल्यावर आणखी एक ‘सबमिट’ बटण दाबणे आवश्यक ठेवले होते. फाइल त्यांच्याकडे होती, तिच्यावर वेळ होती, आणि तरीही ती तपासली गेली नाही. यात सर्व्हर एक क्षणही बंद पडला नव्हता, हे दोन्ही बाजूंनी कृपया लक्षात घ्यावे.

नेमस्त

मी आमच्या विभागाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे काम पाहते आणि रात्रीची मुदत मीच ठेवते. आमचे कित्येक विद्यार्थी दिवसा नोकरी करतात, कित्येकांच्या घरी एकच संगणक असतो आणि तो रात्रीच मोकळा होतो. अ‍ॅडमिनच्या कामाच्या वेळा सांभाळण्यासाठी त्यांची सोय काढून घ्यावी, हे मला पटत नाही. बॅकअपची वेळ बदला.

मसुद्याच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्यानेही पडद्यावरील स्थिती वाचायला हवी होती. सगळा दोष व्यवस्थेवर टाकता येणार नाही.

सर्व्हरखोली

बॅकअपची वेळ बदला, हे वाक्य लिहायला सोपे आहे. आमच्याकडे तो १ वाजता सुरू केला तर सकाळी ७ पर्यंत चालतो आणि ८ च्या क्विझला अडसर होतो. तो आधीच सर्वांत मोकळ्या जागी ठेवलेला आहे. आपण एकदा रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी लॉग उघडून बसा आणि मग मला सोयीविषयी सांगा. मी सोळा रात्री असा बसलो आहे, त्यांपैकी एका रात्री माझी मुलगी रुग्णालयात होती.

नेमस्त

आपल्या मुलीच्या आजारपणाविषयी मला मनापासून वाईट वाटते, पण त्याचे ओझे माझ्या विद्यार्थ्यांवर टाकू नका. त्या रात्री आपल्या जागी दुसरा माणूस नेमला गेला नाही, हा प्रश्न आपल्या कार्यालयाला विचारायचा आहे. तो मला विचारणे अन्यायाचे आहे.

रात्रपाळी

नेमस्त यांचे शेवटचे वाक्य मला झोंबले, पण ते खोटे नाही.

मात्र रात्री चढवण्याची सोय आणि रात्रीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असाइनमेंटमध्ये ड्यू डेट वेगळी असते आणि कट-ऑफ डेट वेगळी असते. पहिली ओलांडली तर कामावर केवळ ‘उशिरा’ अशी खूण पडते; दुसरी ओलांडली तरच दार बंद होते. ड्यू डेट दुपारी ४ ची ठेवा आणि कट-ऑफ दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ची. नोकरी करणाऱ्याला मधली पूर्ण रात्र मिळेल, आणि दोन्ही वेळी मदतीला माणूस जागेवर असेल. एखाद्याची अडचण खरी असेल तर शिक्षक त्या एकट्याला वाढीव मुदत देऊ शकतात, त्यासाठी आमच्याकडे अर्ज करावा लागत नाही.

नेमस्त

कट-ऑफ म्हणजे ड्यू डेटचीच दुसरी जागा, अशा समजुतीने मी आजवर दोन्ही ठिकाणी एकच वेळ भरत आले. हे चार वर्षांत एकाही प्रशिक्षणात सांगितले गेले नाही, हे मी नोंदवून ठेवते. पुढच्या सत्रात आपण सांगता तसे करून पाहीन. त्याने तक्रारी वाढल्या तर मी याच धाग्यावर परत येईन.

खडूफळा

मूळ मुद्दा मागे पडला म्हणून पुन्हा लिहिते. रात्रपाळी यांनी एक्स-सेंडफाइलविषयी जे लिहिले त्यावर धागालेखकांनी अजून एक शब्दही काढलेला नाही.

सर्व्हरखोली

ते खरे आहे. त्या प्रसंगानंतर चार महिन्यांनी मी ती सोय सुरू केली. आधी केली असती तर ती सकाळ बहुधा निभावली असती. हे लिहिणे मला जड जात होते म्हणून टाळले. चित्रे लहान हवीत हा माझा आग्रह तरीही कायम आहे, कारण सर्व्हर मोकळा राहिला तरी मंद जोडणीवरच्या विद्यार्थ्याला शंभर एमबी उतरवून घ्यावेच लागतात.

निरोपाच्या बाबतीतही आपले म्हणणे मान्य करावे लागेल. गडबडीत आम्ही लॉग पाहतो आणि माणसे विसरतो. आता एक जण केवळ निरोप देण्यासाठी बसतो आणि दर दहा मिनिटांनी लिहितो, कारण सापडलेले नसले तरी. व्यवस्थापकाची भूमिका मात्र मी कोणालाही देणार नाही. आपल्या सहायिकेला जोडण्याचा अडथळा वेगळ्या मार्गाने सुटतो: संपादनाचा अधिकार नसलेल्या शिक्षकाची भूमिका आपल्याच कोर्सपुरती आपल्याला देता यावी, एवढी परवानगी शिक्षकाच्या भूमिकेत खुली ठेवता येते. आपल्या अ‍ॅडमिनना नेमके हेच विचारा.

शेवटचा_बाक यांच्यासाठी: मसुदा राहिलेल्या फायलीवर शेवटचा बदल कधी झाला ती वेळ शिक्षकांच्या पानावर दिसते. मुदत संपल्यावर तो मसुदा कुलूपबंद करून तपासताही येतो. सरांना ते पान उघडून दाखवायला सांगा.

शेवटचा_बाक

सांगितले होते. गुणपत्रक अंतिम झाले आहे, आता काही बदलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. तरीही त्या वेळेचे पान त्यांच्यासमोर उघडावे म्हणून उद्या पुन्हा जातो.

खडूफळा

दोन आठवडे आधी क्विझ दाखवण्याची अट मला आजही मान्य नाही. प्रश्नपत्रिका इतक्या आधी कोणाच्याही हाती देणे धोक्याचे आहे. प्रश्न वगळून केवळ मांडणी, चित्रांचे आकार आणि वेळापत्रक दाखवायचे असेल तर मी चार दिवस आधी पाठवीन. आमच्या अ‍ॅडमिनना आज तसे कळवले आहे. तिकिटाला उत्तर केव्हा येते ते पाहते.