ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि भारतातला टॅक्स

नमस्कार मंडळी,
12 डिसेंबर 2024 ला आम्ही नोकरीसाठी ठाण्याहून अमेरिकेत एडिसनला आलो. तिथला फ्लॅट 25,000 रुपयांनी भाड्याने दिलाय, भाडं माझ्या जुन्या सेव्हिंग्ज खात्यात जमा होतं. देश सोडला म्हणजे तिथला टॅक्स सुटला, अशीच माझी समजूत होती. परवा मामा म्हणाले, रिटर्न भरावंच लागेल. नक्की काय काय करायचं असतं?

---

अगं, मामा बरोबर बोलले. आधी दिवस मोज. भारतातलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्याचे त्या वर्षात भारतात 182 दिवस भरले, की त्या वर्षापुरता तो निवासीच. तुझे 256 भरलेत. म्हणजे 2024-25 च्या रिटर्नमध्ये मार्चपर्यंतचा इथला पगारही दाखवायचा. त्यावर इथे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, पण फॉर्म 67 भरायला विसरू नकोस.

एप्रिल 2025 पासून तू एनआरआय, म्हणजे करासाठी अनिवासी. आता तिकडे फक्त तिकडच्या कमाईवर कर. सेव्हिंग्ज खातं मात्र तसंच चालवता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) करून घे.

मला खरी काळजी वाटते ती तुझ्या भाडेकरूची. घरमालक एनआरआय असला की भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही कमी असो. तुझ्या 25,000 मधले 7,800 कापून त्याने तुला 17,200 द्यायचे. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचे, दर तिमाहीला त्या टीडीएसचं विवरणपत्र भरायचं, आणि या सगळ्यासाठी आधी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक, काढायचा. नाही कापले तर वसुली आणि व्याज त्याच्या मानगुटीवर. त्या बिचाऱ्याला हे कुठून कळणार? आपण एनआरआय झालो, हे आपणच सांगायला हवं.

आमच्या पुण्याच्या घरात शाळेत शिकवणारा एक मुलगा राहायचा. तीन वर्षं आम्ही त्याला काही बोललोच नाही. एकदा फोन आला. आमच्याकडे रात्रीचे अकरा, त्याची शाळेत निघायची वेळ. हातात नोटीस होती. म्हणाला, "काकू, मी तर एकदाही भाडं थकवलं नाही." मला काय बोलावं सुचेना. व्याजासकट सगळी रक्कम आम्हीच भरली, पण त्याने महिनाभर जी धास्ती खाल्ली तिची भरपाई कशी करणार? मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून दोघांनी मिळून टॅनचा अर्ज भरला.

कापलेले पैसे बुडत नाहीत गं. वर्षाचं भाडं 3,00,000. त्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट. करपात्र राहतात फार तर 2,10,000. नव्या कररचनेत 2025-26 साठी 4 लाखांपर्यंत कर नाही. तिकडे दुसरं उत्पन्न नसेल तर आयटीआर-2 भरून सगळे 93,600 परत मिळतील. भाडेकरूकडून फॉर्म 16ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, तेवढं मागून घे.

---

वहिनींनी सगळं नीट सांगितलंय, इकडच्या बाजूचं मी सांगतो. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून बेरीज वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची माहिती, भरायचा. आईबाबांच्या खात्यात सोयीसाठी तुमचं नाव जोडलेलं असेल तर तेही धरायचं. इथेच पुष्कळांची चूक होते. एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या) खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, पण इथल्या रिटर्नमध्ये ते दाखवावंच लागतं.

---

काकू, काका, मनापासून आभार. बाबांच्या दोन एफडींवर माझं नाव आहे, ते मी धरलंच नव्हतं. आमच्या फ्लॅटमध्ये नुकतंच लग्न झालेलं जोडपं राहतं, त्यांनाही मी अजून काही सांगितलेलं नाही. एप्रिलपासून पूर्ण भाडं येतंय, म्हणजे आधीच्या महिन्यांचं व्याजही लागेल. ते मी भरेन. आज रात्रीच त्यांना फोन करते. टॅनचा अर्ज भरताना अडलं तर काकू, तुम्हाला कॉलवर घेतलं तर चालेल ना?