अडकलेला स्टिअरिंग क्लच: रॉकेल ओतायचं की सरळ खोलायचा?

आयोवाकर

शेतलिलावात घेतलेला कॅटरपिलर डी२, छोटा चेनचा ट्रॅक्टर, शेडमध्ये उभा आहे. ५यू मालिका, म्हणजे १९४७ ते १९५७ मधला. पेट्रोलवरचं छोटं स्टार्टिंग इंजिन लगेच लागतं, त्यावर मुख्य डिझेल इंजिनही छान धरतं. पण उजवा दांडा पूर्ण ओढला तरी उजवी चेन फिरतच राहते.

ज्यांनी चेनचा ट्रॅक्टर चालवला नाही त्यांच्यासाठी: याला स्टिअरिंग व्हील नसतं. दोन्ही बाजूंना एकेक क्लच. दांडा ओढला की त्या बाजूची ताकद तुटते, वर ब्रेक दाबला की यंत्र तिकडे वळतं. क्लच कोरडा असतो. पोलादी प्लेटा आणि लायनिंगच्या, म्हणजे घर्षणाचा थर लावलेल्या प्लेटा एकाआड एक, स्प्रिंगांनी कायम दाबलेल्या. यंत्र वर्षानुवर्षं दमट गोठ्यात उभं राहिलं की प्लेटा गंजून एकमेकींना धरतात.

इथला प्रत्येक म्हातारा शेतकरी एकच उपाय सांगतो. दांडा मागे बांध, क्लचच्या कप्प्यात रॉकेल ओतून मुरू दे, मग गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हिसके दे आणि ब्रेक कचकन दाब. सुटेल.

माझं मत: सुटेल, पण गंज आतच राहील. प्लेटांवर खड्डे पडलेले असतात, ते लायनिंग खातात. शिवाय त्या हिसक्याचा मार बेव्हल गिअर (क्लचच्या आधीचे दाते) आणि फायनल ड्राइव्हवर (चेनच्या चाकाजवळचे दाते) बसतो. म्हणून अडकलेला क्लच खोलूनच करावा. तुमचं काय म्हणणं?

कोल्हापूरचा फिटर

ओ साहेब, डोझरवर आयुष्य गेलं आमचं, मातीच्या बांधांच्या कामांवर. पावसाळा संपला की निम्म्या मशिनी अशाच धरलेल्या असायच्या. प्रत्येक वेळी खोलत बसलो असतो तर बांध अजून अर्धाच असता!

गिअर तुटायची भीती घालू नका. डी२ची ताकद ती किती, तिशीच्या घरातली अश्वशक्ती. खालच्या गिअरला नांगर ओढताना रोज तेवढाच भार येतो. ब्रेक जोरात धरला तर आधी इंजिन बंद पडेल.

आणि खोलायचं म्हणजे काय ते सांगतो. सीट, फळ्या, वरची झाकणं काढायची. ब्रेकचा पट्टा सोडायचा. मग ड्रम, म्हणजे प्लेटांभोवतीचा डबा, आणि मधला हब यांच्या फ्लँजचे (कडांचे) बोल्ट. एका जागेवरून एक-दोनच बोल्ट हाताला लागतात, पुढचा वर आणायला ड्रम फिरवावा लागतो. क्लच धरलेला म्हणजे ड्रम एकटा फिरणार नाही, सगळं मशीन इंच इंच ढकला. सत्तर वर्षांचा एखादा बोल्ट मधेच तुटला की छिन्नी आणि ड्रिल घेऊन त्या खोबणीत उलटे लटका. आधी रॉकेल. नाही जमलं तर पाना.

मिनेसोटातली मेटलर्जीवाली

फिटरकाका, हिसके देताना माणूस कुठे उभा असतो हेही सांगा. दांडा बांधलेला, मशीन गिअरमध्ये, एक बाजू अचानक सुटली की मशीन गर्रकन वळतं. आजूबाजूला मोकळं रान नसेल तर हा उपाय नकोच.

पण खोलणाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकवते. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. झाकण काढलं की काळी-करडी भुकटी दिसते आणि पहिला हात जातो काँप्रेसरच्या नळीकडे. हवा मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसा, चांगला मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुनं लायनिंग घासून पातळ करण्याचा विचारही नको.

रॉकेलबद्दल आयोवाकरांशी अर्धी सहमत. रॉकेल बऱ्यापैकी उडून जातं. लोक त्यात डिझेल किंवा इंजिन ऑइल मिसळतात, ते लायनिंगमध्ये बसतं. मग आज न सुटणारा क्लच उद्या चढावर घसरतो. आणि पेट्रोल ओतणाऱ्यांना तर हात जोडते.

सांगलीचा ऊसवाला

दोघंही गंज गंज करताय. गंजच आहे हे ठरवलं कुणी? दांड्याची जोडणी ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटतच नाही, दोष प्लेटांचा नसतोच. आधी दांड्याचा मोकळा खेळ बघा. झाकण उघडून कुणाला तरी दांडा ओढायला सांगा आणि प्रेशर प्लेट (बाकीच्या प्लेटांना दाबून धरणारी) खरंच सरकते का ते बॅटरी मारून बघा. सरकली आणि तरी चेन फिरली, तर प्लेटा चिकटल्या आहेत. सरकलीच नाही तर रॉकेलचा हंडा ओतून काय उपयोग?

कोल्हापूरचा फिटर

बरोबर बोललात पाव्हणं. आमचे साहेब लोक हेच विसरायचे.

आयोवाकर

बघितलं. प्रेशर प्लेट सरकते. म्हणजे चिकटलेल्याच.

आता काकांना उत्तर. तुमची मशिनी वर्षाकाठी एक पावसाळा उभी राहायची, वरवरचा गंज असायचा, हिसक्याने झडायचा. माझी पिढ्यान्‌पिढ्या उभी. शिवाय ड्रमचे दात. प्लेटा त्यांच्यावर बसून बसून खाचा पाडतात. दांडा ओढला की प्लेट सरकायला जाते आणि खाचेत अडकते. या खाचेवर रॉकेल काय करणार? तिथे कानसच चालते, आणि कानस चालवायला ड्रम बाकावर हवा. खोलल्यावर सीलही बदलून होतात. बेव्हल गिअरच्या कप्प्यातलं तेल कोरड्या क्लचमध्ये झिरपत असेल तर ते बाहेरून कळत नाही.

स्प्रिंगांचं मात्र जपून. लांब बोल्ट टाकून पॅक दाबून धरायचा आणि बाहेर काढल्यावर सगळे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करायचे. एकच बोल्ट पुरता सोडला तर प्लेट तिरकी होऊन उसळते. बसवताना प्रत्येक पोलादी प्लेट जाड काचेवर ठेवून सपाट आहे का बघणार, कमी उंचीच्या स्प्रिंगा बाद करणार.

सांगलीचा ऊसवाला

आणि खालचं बूच? कप्प्याच्या तळाला असतं ते. चिखलापाण्यात काम असेल तेव्हाच लावा, एरवी काढून ठेवा. आत जमलेलं पाणी, झिरपलेलं तेल, जे असेल ते खाली पडू दे. आमच्याकडे लोक ते बूच बसवतात आणि विसरतात, मग पुढच्या हंगामात हाच धागा पुन्हा.

मिनेसोटातली मेटलर्जीवाली

एक विचारायचं होतं. डावा क्लच सुटतोय ना? तोही त्याच गोठ्यात तेवढीच वर्षं उभा होता. तोही खोलणार?

आयोवाकर

डावा व्यवस्थित चालतोय. त्याला हात लावणार नाही.

कोल्हापूरचा फिटर

म्हणजे चालतंय तोवर खोलायचं नाही. मग मी सकाळपासून काय वेगळं सांगतोय, साहेब?

आयोवाकर

काका, चालणारा आणि चिकटलेला यात फरक आहे हो. ड्रम उचलायला शनिवारी चेनकप्पी भाड्याने आणतोय. उजवाच.