डिझायनरने आधी हात घडवावा की प्रश्न शोधायला शिकावं?

शाईचा डाग (धागाकर्ता)
अठरा वर्षं या कामात आहे. पहिली सहा छपाईच्या लेआउटमध्ये गेली, मग पॅकेजिंग, आता ॲपचे स्क्रीन. हल्ली नव्या मुलांचे पोर्टफोलिओ पाहताना एक गोष्ट सतत खटकते. चिकटचिठ्ठ्यांनी भरलेली भिंत असते, 'प्रश्नाची व्याख्या' असं ऐसपैस पान असतं, आणि शेवटच्या स्क्रीनवर दोन ओळींतलं अंतरसुद्धा सांभाळलेलं नसतं. माझ्या मते पहिली चार-पाच वर्षं निव्वळ हाताने काम करण्यात जावीत. प्रश्नाचा खरा आकार करता करताच कळतो.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचं काम बघा. १९४० मध्ये चार्ल्स ईम्स आणि वास्तुकार ईरो सारिनेन यांनी प्लायवूड वाकवून एकसंध खुर्ची केली. स्पर्धेत ती जिंकली, पण तीव्र वळणावर लाकूड तडकायचं, म्हणून वरून कापड चढवावं लागलं. पुढे ईम्स दांपत्याने १९४२ मध्ये अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला आधार देणारे प्लायवूडचे स्प्लिंट बनवले. त्यांत ठेवलेल्या भोकांमुळे लाकडावरचा ताण कमी झाला आणि त्यांतून पट्टीही ओवता येऊ लागली. युद्धानंतरच्या त्यांच्या प्रसिद्ध खुर्चीत पाठ आणि बैठक वेगवेगळी आहे. भिंतीवर चिठ्ठ्या लावून हे सुचलं नसतं. लाकूड कुठे तुटतं हे हातांना माहीत झालं होतं.

टाचणी
पटलं नाही, आणि का ते स्वतःच्या चुकीवरून सांगते. एका रुग्णालयाच्या नोंदणीचा फॉर्म नव्याने करायचा होता. तीन आठवडे घालवून मी देखणा फॉर्म केला. रकाने नेटके, अक्षर मोठं. तरी रांग तेवढीच. मग दोन दिवस खिडकीमागे बसले. तिथली बाई प्रत्येक फॉर्म उलटा करून मागे पेन्सिलने एक आकडा लिहीत होती. तो जुन्या फाइलचा क्रमांक, जो शोधायला ती दर वेळी उठायची. रुग्णाकडच्या चिठ्ठीवर तो आधीच छापलेला होता, पण फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती. एक रकाना वाढवला आणि तिचं उठणं थांबलं. माझ्या हाताला सफाई होतीच की! नजर चुकीच्या जागी होती.

शिवाय लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवा. तो काढणारा हॅरी बेक डिझायनर नव्हता, विजेच्या आराखड्यांचा ड्राफ्ट्समन होता. जमिनीखालच्या प्रवाशाला वरच्या भूगोलाशी कर्तव्य नाही, त्याला फक्त गाडी कुठे बदलायची ते हवंय, हे त्याने ओळखलं. १९३१ मध्ये दिलेला आराखडा आधी नाकारला गेला, १९३३ मध्ये तो लोकांच्या हातात आला. यात कारागिरी मोठी की प्रश्न ओळखणं?

शाईचा डाग
बेक तर माझाच साक्षीदार! आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषा त्याला सुचल्या, कारण रोज तो तेच काढत होता. आणि नंतरही पाव शतकाहून जास्त काळ तो हाच नकाशा सुधारत राहिला. त्याला प्रश्न दिसला तो सवयीच्या हातामुळे.

खिडकीचा किस्सा मात्र मनाला लागला. मी तिथे असतो तर कदाचित अक्षराचा आकारच तपासत बसलो असतो.

उशिराची गाडी
दोघांनाही विनंती, वयाचा विचार करा. मी चौतिसाव्या वर्षी हिशेबाचं काम सोडून या क्षेत्रात आलो. घर चालवायचं होतं, पाच वर्षं फक्त हात घडवणं शक्य नव्हतं. मला पहिलं काम मिळालं ते बिलाचा गोंधळ नेमका कुठे होतो हे मला माहीत होतं म्हणून. स्पेसिंग, म्हणजे ओळी-अक्षरांतलं अंतर, मी नंतर शिकलो, वरिष्ठांच्या लाल खुणा सोसत. या वाटेने येणारे बरेच असतात आणि असं मत वाचून ते दारातूनच परततात.

शाईचा डाग
हे मान्य. 'चार-पाच वर्षं' हा आकडा मागे घेतो. लाल खुणांचा मुद्दा मात्र सोडत नाही. त्या करणारं कुणीतरी तुमच्याजवळ होतं. आता अनेक मुलं पहिल्या दिवसापासून एकटीच काम करतात.

टाचणी, तुमच्याकडे नवी मुलं आली की सुरुवात कशाने करता?

टाचणी
पहिला आठवडा ती वापरणाऱ्यांजवळ बसतात. संगणक नाही, फक्त वही. दिसेल ते लिहायचं, उपाय काढायचा नाही.

शाईचा डाग
उपाय नको, ठीक. पण वहीत चित्रं काढू द्या. ती बाई फॉर्म कसा उलटा करते, पेन्सिल कुठे ठेवते, किती पावलं चालते, हे रेखाटायला लावा. रेखाटताना दहादा बघावं लागतं.

टाचणी
हे मी कधी केलेलं नाही. सोमवारी दोघी नव्या येताहेत, त्यांच्यापासून सुरुवात करते.